बी पेरल्यापासून तुंबा खुळखुळेपर्यंत

दुध्या भोपळा सगळ्यांच्या ओळखीचा. पण त्याची काही भावंडं अशी आहेत, की बघणाऱ्याला हा दुधीच आहे हे सांगूनही पटत नाही. एखाद्याची मान हंसासारखी वळलेली, एखादा कमरेत आवळलेल्या बाटलीसारखा, एखादा पळीसारखा लांब दांड्याचा, तर एखादा घागरीएवढा गोल गरगरीत. शास्त्रीय नाव मात्र सगळ्यांचं एकच, लॅजेनेरिया सिसेरारिया. त्यातल्या 'लॅजेना'चा लॅटिनमध्ये अर्थच मुळी बाटली. कोवळेपणी तोडला तर भाजी होते. वेलावरच पिकू दिला, नीट वाळवला, तर साल लाकडासारखी टणक होते आणि तो तुंबा वर्षानुवर्षं टिकतो.

मी हे वेल बरीच वर्षं लावते आहे. नव्याने लावणाऱ्यांना एक गोष्ट सगळ्यात आधी सांगावीशी वाटते. भाजीचा दुधी आणि तुंबा यांची लागवड जवळपास सारखीच असते. फरक आहे तो थांबण्यात. फूल धरल्यापासून दोन आठवड्यांत भाजी हातात येते. तुंब्यासाठी मात्र पेरणीपासून जवळजवळ वर्षभर वाट बघायची तयारी हवी. बहुतेक तुंबे वाया जातात ते किडीमुळे किंवा रोगामुळे नाही, लवकर तोडल्यामुळे. खाली जे लिहिलं आहे त्यात हा मुद्दा पुन्हा येईल, आणि तो मुद्दामच येईल.

कोणतं बी घ्यायचं

पहिल्यांदा लावत असाल तर लहान फळाची जात घ्या. मुठीएवढे किंवा नारळाएवढे तुंबे लवकर पिकतात, लवकर वाळतात आणि मांडवावर फार भार टाकत नाहीत. त्यांना पेरणीपासून पिकेपर्यंत उबदार हवेचे साधारण १०० ते १२० दिवस लागतात. मोठ्या आणि लांब मानेच्या जातींना १३० ते १५० दिवसही लागू शकतात. तुमच्याकडे थंडी लवकर पडत असेल तर हा हिशेब पेरणीच्या आधीच मांडून ठेवा. दहिवर गोठायला लागण्याच्या आत फळ पूर्ण पिकलं पाहिजे.

'शोभेचे भोपळे' म्हणून विकल्या जाणाऱ्या बियांच्या बाबतीत थोडं सावध राहायला हवं. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचे, चामखिळी असलेले छोटे रंगीत भोपळे ही वेगळीच जात आहे. तिचं नाव कुकुर्बिटा पेपो. त्यांना पिवळी फुलं येतात, ती दिवसा उमलतात, आणि त्यांची साल वाळल्यावरही पातळच राहते. ते मांडून ठेवायला छान दिसतात, पण ते बहुधा कडू असतात आणि खाण्यासाठी नसतात. तुंब्याचं फूल पांढरं असतं. वेलावर पिवळं फूल दिसलं, तर तुम्ही काहीतरी दुसरंच लावलं आहे असं समजा.

बी कुणा ओळखीच्याकडून आणत असाल तर त्या फळाचा कोवळेपणी स्वाद कसा होता, हे विचारून घ्या. गोड जातीचं आणि कडू जातीचं बी दिसायला सारखंच असतं.

बी रुजवणं

नवख्या माणसाचा धीर इथेच सुटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक बी तळहातावर घेऊन नीट बघा. साधारण दीड सेंटिमीटर लांब, चपटं, फिकट तपकिरी, अंगावर उभ्या धारा. एक टोक रुंद, आणि त्या टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांना बोथट शिंगं फुटल्यासारखी. दुसरं टोक निमुळतं. मूळ बाहेर येतं ते या निमुळत्या टोकातून. वरचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरायलाच वेळ लागतो.

हे कवच उगीच इतकं टणक नाही. हा वेल मूळचा आफ्रिकेतला. तरीही सुमारे १०,००० वर्षांपूर्वी तो अमेरिकेत लोकांच्या वापरात होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तिथले जुने तुंबे आफ्रिकेतल्या तुंब्यांच्या जवळचे निघाले, म्हणजे ते बहुधा अटलांटिकच्या प्रवाहाबरोबर तरंगतच गेले. समुद्राच्या पाण्यात सात महिन्यांहून जास्त काळ तरंगत ठेवलेल्या तुंब्यातलं बी त्यानंतरही रुजल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. एवढा प्रवास सोसणारं बी वाटीभर पाण्यात दोन दिवसांत मोड आणेल, अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला थोडी मदत करावी लागते.

ती मदत नेलकटरने करा. रुंद टोकाची ती दोन शिंगं असतात ना, त्यांचा अगदी शेंडा हलक्या हाताने उडवा. कवचाचा कपचा तेवढा निघाला पाहिजे. आतला पांढरा गर दिसला की थांबा, त्याला धक्का लागता कामा नये. निमुळत्या टोकाला तर हातच लावू नका. नेलकटर चालवायची भीती वाटत असेल, तर बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही कडा चार-पाच वेळा घासल्या तरी काम होतं.

मग बी कोमट पाण्यात २४ तास भिजवा. त्याहून जास्त नको, आतला गर कुजतो. भिजलेलं बी ओलसर टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा उबदार जागी ठेवा. २५ ते ३० अंश सेल्सियस ही त्याला मानवणारी ऊब. कागद ओलसर हवा, पण पिळल्यावर पाणी गळेल इतका ओला नको. रोज एकदा उघडून बघा, म्हणजे आत हवाही जाते. काही बिया पाचव्या दिवशी मोड दाखवतात, तर काही तीन आठवडे घेतात. एकाच फळातल्या बियाही एकदम रुजत नाहीत. म्हणून आठ दिवसांत काही दिसलं नाही तरी टाकून देऊ नका. बोटाने दाबल्यावर मऊ लागणारं किंवा वास मारणारं बी तेवढं काढा.

मूळ अर्धा-पाऊण सेंटिमीटर दिसलं की बी कुंडीत घाला. भोपळ्याच्या कुळातल्या वेलांना मुळं दुखावलेली अजिबात खपत नाहीत. त्यामुळे ट्रेमध्ये दाटीने रुजवून मग उपटून लावणं नको. कागदाचे किंवा नारळाच्या काथ्याचे दहा सेंटिमीटर खोल कप वापरा, म्हणजे कपासकट जमिनीत लावता येतं. निमुळतं टोक खाली, दोन सेंटिमीटर खोल. वर भुसभुशीत माती.

दोन पानं वर येताना कधी कधी बियांचं कवच टोपीसारखं त्यांच्यावर अडकून राहतं. ओढून काढलं तर पानांसकट शेंडा तुटतो. कवचावर पाण्याचा एक थेंब टाका, दहा मिनिटं थांबा, मग दोन बोटांच्या नखांनी ते हळूच उकला. एवढं केलं तर निघतं. नाही निघालं तर पुन्हा थेंब टाका.

रोपाला पहिल्या दिवसापासून भरपूर उजेड हवा. अंधाऱ्या कोपऱ्यात रोप लांबडं आणि लुळं होतं, मग ते कोलमडतं. दोन-तीन खरखरीत पानं आली, म्हणजे पहिली गुळगुळीत जोडी सोडून, की रोप बाहेर लावायच्या वयाचं झालं. त्याआधी पाच-सहा दिवस रोज थोडा जास्त वेळ उन्हा-वाऱ्यात ठेवून ते काटक करून घ्या. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली जात असेल तर घाई करू नका. गारठ्यात लावलेलं रोप मरत नाही, पण आठवडेच्या आठवडे ते तसंच बसून राहतं. मागाहून उबेत लावलेलं रोप त्याच्या पुढे निघून जातं.

जागा, माती, मांडव

सहा-आठ तास थेट ऊन हवं. सावलीत वेल पानांनीच भरतो. साधारण ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या, निघालेल्या मातीत एक तृतीयांश चांगलं कुजलेलं खत मिसळा आणि खड्डा पुन्हा भरा. वर आळं करा. दोन वेलांत दोन ते अडीच मीटर अंतर ठेवा. रोप लहान असताना हे अंतर वेड्यासारखं वाटतं. दोन महिन्यांनी वाटणार नाही.

कुंडीत लावायचं असेल तर निदान ५० ते ६० लिटरची घ्या, एका कुंडीत एकच वेल, आणि जात लहान फळाची.

मांडव रोप लावायच्या आधी उभारा. मागाहून खांब ठोकले तर मुळं तुटतात. भाजीच्या दुधीला काठ्या-सुतळीचा मांडव पुरतो, कारण फळं तोडून भार उतरवला जातो. तुंब्याचा भार महिनोन्‌महिने तिथेच लटकत राहणार आहे, वर पावसाने भिजलेली पानं आणि वारा. जाड बांबू किंवा लोखंडी पाइप, दोन मीटर उंची, आणि हाताने लोंबकळून बघितल्यावर हलणार नाही अशी बांधणी हवी. लांब मानेच्या जातीला उंच मांडव लागतोच, कारण मान सरळ येते ती फळ मोकळं लटकल्यामुळे. तेच फळ जमिनीवर वाढलं तर मान वाकते. म्हणजे मांडवावर चढवायचा की जमिनीवर पसरू द्यायचा, हे तुम्हाला कोणतं रूप हवं आहे त्यावर ठरवा. जमिनीवर वाढवणार असाल तर प्रत्येक फळाखाली फळीचा तुकडा किंवा वाळलेल्या गवताची जाड गादी ठेवा, नाहीतर टेकलेली बाजू कुजते.

पाणी, खत आणि शेंडा खुडणं

पाणी मुळाशी द्या, पानांवर नको. रोज चूळभर देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर जिरेल असं दिलेलं बरं. कुंडीतल्या वेलाला मात्र उन्हाच्या दिवसांत रोज लागतं. दुपारी पानं माना टाकतात ती सवयच आहे त्यांची. संध्याकाळी ती पुन्हा उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. आळ्यात वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घाला.

वेल वाढत असताना दोन-तीन आठवड्यांनी मुठी-दोन मुठी कुजलेलं खत पुरे. फुलं दिसू लागली की नत्र जास्त असलेलं खत थांबवा. नाहीतर पानं हिरवीगार, सुपाएवढी, आणि फळ एकही नाही, असं होतं.

शेंडा खुडायचा, हे ऐकून नवख्यांचा जीव कासावीस होतो. पण ते करायला हवं. या वेलाच्या मुख्य दांड्यावर बहुतेक नरफुलंच येतात. मादीफुलं येतात ती बगलफुटींवर. मुख्य वेल साधारण तीन मीटर झाला की त्याचा शेंडा नखाने खुडा. आठवडाभरात पानांच्या बगलेतून फुटवे निघतात आणि फळं धरायची ती त्यांच्यावर.

संध्याकाळची फुलं

या वेलाचा सगळ्यात देखणा भाग तुंबा नाही, फूल आहे, असं माझं मत. दिवसभर कळी मिटलेली, हिरवट, पिळलेल्या फडक्यासारखी. ऊन उतरलं की पीळ सैल पडायला लागतो. मी कितीदा तरी समोर बसून बघितलं आहे: आधी एक पाकळी कडेने सुटते, मग बाकीच्या, आणि अर्ध्या-पाऊण तासात पाच पाकळ्यांचं पांढरंशुभ्र फूल पूर्ण उघडतं. पाकळ्या चुरगळून पुन्हा उलगडलेल्या पातळ कागदासारख्या दिसतात, त्यावर बारीक शिरा. काळोखात फक्त तीच दिसतात. मग पतंग येतात. सकाळचं ऊन तापलं की फूल कोमेजून गेलेलं असतं.

म्हणजे फळ धरायला वेळ एका रात्रीचा. दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांना यातलं फारसं काही मिळत नाही. तुमच्याकडे रात्रीचे पतंग कमी असतील, किंवा मांडव उंच गच्चीवर असेल, तर मादीफुलं पिवळी पडून गळतात आणि माणसाला वाटतं वेलालाच काहीतरी झालंय. झालेलं काही नसतं. परागीभवन तेवढं हाताने करायचं असतं.

नर आणि मादी ओळखणं सोपं आहे. नरफुलाचा देठ लांब, बारीक आणि साधा. मादीफुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा लव असलेला इवलासा तुंबा आधीपासूनच असतो, आणि गंमत म्हणजे त्याचा आकारही कळतो. बाटलीच्या जातीची कमर तिथेच आवळलेली दिसते.

फुलं उघडल्यावर, दिवेलागणीला, ताजं नरफूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढून टाका आणि मधला परागांचा भाग मादीफुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर हलकेच फिरवा. पिवळी पूड चिकटलेली दिसली पाहिजे. एका नरफुलात दोन मादीफुलं होतात. देठाला रंगीत दोरा बांधून तारीख लिहून ठेवा. या तारखेचा उपयोग पुढे भाजीसाठीही होतो आणि तुंब्यासाठीही. सुरुवातीला दोन-तीन आठवडे फक्त नरफुलंच येतात, तेव्हा घाबरू नका.

खाण्यासाठी कधी तोडायचं, आणि कधी खायचं नाही

परागीभवनानंतर दहा ते पंधरा दिवसांत फळ भाजीच्या वयाचं होतं. अंगावर मऊ लव असते, नख सहज रुततं, आतल्या बिया मऊ आणि पांढऱ्या असतात. लव झडून साल चकचकीत झाली आणि नख रुतेना, की भाजीची वेळ गेली.

आता हे नीट वाचा. शिजवण्याच्या आधी प्रत्येक फळाचा छोटा तुकडा कच्चाच जिभेवर ठेवून बघा. किंचितही कडवट लागला तर थुंकून टाका, चूळ भरा आणि ते फळ फेकून द्या. भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. ती शिजवून जात नाहीत, मीठ-मसाल्याने झाकली जात नाहीत, आणि कडू दुधीच्या रसाने जीवघेणी विषबाधा झालेली आहे. थोडंसं कडू आहे, औषधी असेल, असं म्हणून कुणीही ते पिऊ नये. चुकून खाल्लं आणि उलट्या, पोटात कळा, जुलाब किंवा रक्त दिसलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. शोभेची म्हणून घेतलेली जात असेल आणि तिच्या चवीची खात्री नसेल, तर ती सरळ तुंब्यासाठीच ठेवा. तुंबा कडू असला तरी टिकायला तितकाच उत्तम.

तुंब्यासाठी कोणतं फळ ठेवायचं

एका वेलावर मोठ्या जातीचे दोन ते चार, लहान जातीचे आठ-दहा, त्याहून जास्त ठेवू नका. लवकर धरलेली, चांगल्या आकाराची, डाग नसलेली फळं निवडा. उशिरा धरलेली पिकायला वेळ पुरत नाही, ती भाजीसाठी घ्या. निवडलेल्या फळांना खूण करा, आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. हे फळ कोवळं आहे म्हणून कुणीतरी मायेने तोडून स्वयंपाकघरात आणलं, असं दोनदा झालं आहे माझ्याकडे.

आकार द्यायची हौस असेल तर हीच वेळ. लांब मान कोवळी असताना, दुपारी उन्हाने थोडी सैल पडल्यावर, रोज अगदी जराशी वळवता येते. मऊ कापडाच्या पट्टीने तिथेच सैल बांधून ठेवायची. एका दिवसात जास्त वळवली तर मोडते. चौकोनी डब्यात वाढू दिलेला तुंबा चौकोनी होतो. कोवळ्या सालीवर बोथट काडीने वरवर रेघ ओढली तर ती जखम भरून येते आणि फळ वाढेल तशी नक्षी उठून दिसते. रेघ खोल गेली तर मात्र तिथून कुज शिरते, आणि पावसाळी हवेत हा प्रयोग करूच नये.

कीड आणि रोग

रोपं दोन-चार पानांची असताना तांबडे भुंगेरे पानांची चाळण करतात. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, आणि रोपांवर बारीक जाळी घाला. फुलं आल्यावर जाळी काढायची. फळमाशी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, मग फळ वेडंवाकडं होऊन सडतं. फूल गळल्याबरोबर फळावर कागदी किंवा मलमलची पिशवी चढवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. क्यू-ल्युअरचे (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचे) सापळे नर माश्या पकडतात, म्हणून त्यांच्या जोडीला सडकी फळं गोळा करून खोल पुरून टाका. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर निंबोळी तेल संध्याकाळी, पण फुलांवर नको.

हवा कधी दमट, कधी कोरडी होऊ लागली की पानांवर पांढरी पिठूळ भुरी येते. खालची जुनी पानं काढून हवा खेळती ठेवा. एक भाग दूध नऊ भाग पाण्यात मिसळून उन्हाच्या वेळी आठवड्याला फवारलं तर सुरुवातीची भुरी आटोक्यात राहते. वेलाच्या शेवटी शेवटी येणाऱ्या भुरीची फार काळजी करू नका, तेव्हा फळं बहुतेक भरलेली असतात.

थांबणं

फळ पूर्ण आकाराचं झालं, साल टणक लागायला लागली, तरी तो तुंबा झालेला नाही. मी पहिल्या वर्षी इथेच चुकले. हंसाच्या मानेचा एक सुरेख तुंबा, वाजवला की टणटण आवाज येत होता, म्हणून हिरवा असतानाच उतरवला आणि फडताळावर ठेवला. तीन आठवड्यांत मान सुरकुतली, मग पोट आत गेलं, आणि शेवटी तो हाताला मऊ लागला. आतल्या सालीला लाकूड व्हायला वेळच मिळाला नव्हता.

पिकल्याची खूण देठात असते. देठ हिरवा आहे तोवर वेल फळाला काही ना काही देतो आहे. देठ तपकिरी आणि काडीसारखा कोरडा झाला, वेल वाळायला लागला, फळाचा हिरवा रंग फिका पडला आणि उचलून बघितल्यावर ते आधीपेक्षा हलकं लागलं, की उतरवा. तोवर पाणी देणंही कमी करत न्या. देठ पाच-सहा सेंटिमीटर ठेवून धारदार कात्रीने कापा आणि फळ दोन्ही हातांनी खालून धरून उचला. देठाला धरून उचललं तर देठ निखळतो आणि त्या जागेतून कुज आत जाते.

वाळवणं

सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, कोरडं करून, हवेशीर सावलीत ठेवा. जाळीच्या किंवा पट्ट्यांच्या मांडणीवर, एकमेकांना टेकणार नाहीत असे. दर तीन-चार दिवसांनी कूस बदला. लहान तुंबा महिन्या-दोन महिन्यांत वाळतो, मोठा सहा महिनेही घेतो. लवकर वाळावा म्हणून भोक पाडू नका आणि भट्टीत ठेवू नका.

पंधरा-वीस दिवसांत त्यावर बुरशी येईल. काळे, करडे, पांढरे डाग पसरत जातील आणि तुंबा कुरूप दिसायला लागेल. इथे बरेच जण तो फेकून देतात. फेकू नका! आतलं पाणी सालीतून बाहेर पडतं आहे, त्यावर ही बुरशी वाढते. वरचा पातळ पापुद्रा ती खाते, खालच्या टणक कवचाला सहसा काही होत नाही. ओल्या फडक्याने जास्तीची बुरशी पुसा, पुन्हा कोरडं करा, कूस बदला, एवढंच. टाकायचा तो एकच: जो दाबल्यावर मऊ लागतो किंवा ज्यातून पाणी झिरपतं.

एक दिवस कूस बदलताना हातातला तुंबा अगदीच हलका लागतो, हलवला की आतून बियांचा आवाज येतो. काही तुंब्यांत बिया गराला चिकटून बसतात आणि आवाज येत नाही, तेव्हा वजनावर भरवसा ठेवा.

साफ करणं आणि बी ठेवणं

कोमट पाण्यात भिजवलेलं जाड फडकं तुंब्याभोवती गुंडाळून तास-दोन तास ठेवा. पापुद्रा सुटा होतो. मग बोथट सुरीने आणि तारेच्या घासणीने तो खरवडा, ओला असतानाच. खाली पिवळसर, गुळगुळीत कवच निघतं. बुरशीच्या जागी राहिलेले तपकिरी नकाशे मी तरी तसेच ठेवते, मला ते आवडतात. तुंबा कोरडा खरवडायचा किंवा कापायचा असेल तर घराबाहेर, एन-९५ मास्क लावूनच. आतल्या वाळक्या गराची आणि बुरशीची धूळ छातीला वाईट.

बी पुढच्या वर्षासाठी धरायचं असेल तर ते फूल उमलण्याच्या आधीच ठरवावं लागतं. जवळपास दुधीची दुसरी कोणतीही जात असेल तर पतंग पराग सरमिसळ करतात. यंदाच्या फळाच्या चवीला त्याने काही होत नाही, कारण गर आईवेलाचाच असतो, पण त्यातल्या बियांतून पुढच्या वर्षी कडू फळ निघू शकतं. लाल भोपळ्याशी मात्र याचा संकर होत नाही. म्हणून ज्या संध्याकाळी उमलणार अशा नर आणि मादी कळ्या असतील, त्या दुपारीच दोऱ्याने तोंडाशी सैल बांधा, उमलायच्या वेळी सोडून हाताने पराग लावा आणि मादीफूल पुन्हा बांधून टाका. देठाला वेगळ्या रंगाचा दोरा.

तो तुंबा वाळल्यावर कापला, की आत बिया पूर्ण वाळलेल्याच असतात. त्यांना चिकटलेला गर चोळून काढा, भरीव आणि जड बिया निवडा, कागदी पाकिटात भरून वर जात, आकार आणि वर्ष लिहा. कोरड्या, गार जागी ठेवलेलं बी चार-पाच वर्षं सहज रुजतं.